नदीकाठची प्रयोगशाळा
पवना-इंद्रायणी परिसरातील प्राथमिक शाळांसाठी जलविज्ञानाचे पाच पाठ

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचे एक ठळक प्रतीक मानला जातो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसाहत वसविली. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली. दरम्यान चाकणच्या माळावर मोटार उद्योगाचे मोठे केंद्र उभे राहिले. या साऱ्या वाढीला आधार दिला तो पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या पाण्याने.

परंतु या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलामुलींना नदीची ओळख कितपत आहे? पाणी नळातून येते एवढे त्यांना ठाऊक असते. नदी मात्र पुलावरून जाताना नाक दाबून ओलांडायची एक जागा, एवढीच त्यांच्या परिचयाची. अनेक मुले तिला सहजपणे ‘नाला’ म्हणतात. ज्या पिढीने नदीला नदी म्हणून कधी पाहिलेच नाही, ती पिढी उद्या नगरसेवक, सरपंच, अभियंता किंवा कारखान्याची व्यवस्थापक झाल्यावर नदीची मागणी तरी कशी करणार? प्राथमिक शाळेतील जलविज्ञानाच्या शिक्षणाचा विचार या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.

प्राथमिक वर्गांच्या ‘परिसर अभ्यास’ विषयात पाणी, सजीव आणि परिसर यांविषयीचे पाठ आहेतच. या पट्ट्यातील अनेक शाळांपासून नदी फार दूर नाही. पाठ्यपुस्तक आणि नदी यांच्यामधील हे थोडेसे अंतर कसे ओलांडावे, याचा एक आराखडा येथे मांडला आहे. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. बादली, पारदर्शक बाटल्या, मीठ, साबण, सुई आणि एक चांगली नोंदवही एवढे साहित्य पुरेसे आहे.

आधी सुरक्षितता

नदीकाठच्या पाठाचा पहिला नियम असा की विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरावयाचे नाही. पाण्याचा नमुना शिक्षकांनी किंवा सोबतच्या प्रौढ व्यक्तीने दोर बांधलेल्या बादलीने काढावा. धरणातून विसर्ग सुरू असताना आणि पावसाळ्यातील पुराच्या दिवसांत नदीकाठी जाऊ नये. त्या काळात वर्गातील प्रयोग करावेत. ज्याच्या हाताला जखम आहे त्याने नमुन्याला स्पर्श करू नये. पाठ संपताच सर्वांनी स्वच्छ पाण्याने व साबणाने हात धुवावेत. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ व्यक्ती राहील अशी व्यवस्था करावी. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि माता-पालक या कामी उत्तम साहाय्य करू शकतात.

पाठ पहिला : पाणी येते कोठून, जाते कोठे?

एक जाड कागद चुरगळून पुन्हा अर्धवट उलगडावा. उंचवट्यांचे डोंगर होतात आणि घड्यांच्या दऱ्या होतात. डोंगरांच्या माथ्यांवर शाईच्या पेनाने रेघा ओढाव्यात आणि हाताने हलकेच पाणी शिंपडावे. शाई उतारावरून ओघळते, घड्यांतून एकत्र येते आणि सखल भागात साचते. पाणलोट क्षेत्र ही संकल्पना तिसरीच्या मुलालाही या एका कृतीतून समजते. माथ्यावर टाकलेला डाग खाली कोठे जातो, हेही त्याला न सांगता दिसते.

यानंतर आपल्या नद्या फळ्यावर काढाव्यात. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे सह्याद्रीच्या कड्यालगत उगम पावते. देहू, आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहत ती तुळापूर येथे भीमेला मिळते. पवना सह्याद्रीतूनच निघते. पवना धरणात अडविलेले तिचे पाणी खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून शहरासाठी उचलले जाते. पुढे चिंचवड येथील मोरया गोसावी यांच्या समाधी मंदिराला वळसा घालून ती दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. शेवटी हे पाणी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला पोचते.

येथे विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे. खंडाळ्याच्या कड्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक घाटमाथ्याच्या पश्चिमेला ओघळला आणि दुसरा पूर्वेला. पश्चिमेचा थेंब उल्हास किंवा पाताळगंगा नदीतून जवळच्याच अरबी समुद्राला मिळाला. पूर्वेचा थेंब मात्र चार राज्यांतून प्रवास करीत बंगालच्या उपसागराकडे निघाला. वाटेत तो ज्या ज्या गावांतून गेला त्यांची नावे नकाशावरून शोधून काढावयास सांगितली, तर भूगोलाचा हा पाठ मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

पाठ दुसरा : पाण्याची साय आणि निवळी

शांत पाण्यावर लांब पायांनी सरसर चालणारी निवळी मुलांनी पाहिलेली असते. ती बुडत का नाही? भांड्यातील स्वच्छ पाण्यावर कागदाच्या लहान तुकड्यासह एक कोरडी सुई अलगद ठेवावी. कागद भिजून खाली गेला, तरी सुई पाण्यावर राहते. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पृष्ठभागावर ताणलेल्या सायीसारखा परिणाम होतो. याला पृष्ठताण म्हणतात. निवळीच्या पायांवर अतिशय बारीक केस असतात. ते भिजत नाहीत, म्हणून ती या सायीवर उभी राहू शकते.

आता त्याच भांड्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. सुई तत्काळ बुडते. साबण पृष्ठताण कमी करतो, आणि पृष्ठताण कमी झालेले पाणी हलले की फेस होऊन टिकतो. साबणाचे पाणी बाटलीत घालून हलविले म्हणजे हे दिसून येते.

अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०२३ आणि २०२४ मध्ये, आळंदी येथे इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर दिसले. वारीच्या निमित्ताने आलेल्या भाविकांनीही ते पाहिले. हा फेस कशाचा, असे मुले विचारतीलच. उत्तर देताना शिक्षकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे कारखान्यांच्या सांडपाण्याप्रमाणेच घराघरांतील कपडे व भांडी धुतलेले, प्रक्रिया न झालेले पाणीही फेसाला कारणीभूत असते. दुसरे म्हणजे एखाद्या ठिकाणचा फेस नेमका कोणाचा, हे प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरत नाही. बोट दाखविण्यापूर्वी मोजमाप करावे ही शिस्त विज्ञान शिकविते, आणि ती लहान वयातच लागलेली बरी. मात्र फेसाळ पाण्यावर निवळीला पाय ठेवता येत नाही हे मुलांनी सुईवरून जाणलेले असते, आणि ते पुसले जाणार नाही.

पाठ तिसरा : पाण्यातील श्वास

काचेच्या पेल्यात ताजे पाणी भरून तो तासभर उन्हात ठेवावा. काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ही पाण्यात विरघळलेली हवा होय. पाणी तापले की ती बाहेर पडते. मासे श्वास घेतात तो याच हवेतील प्राणवायूवर.

हा प्राणवायू किती थोडा असतो, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानाला तो जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. मासे व अन्य जलचर टिकावेत यासाठी नदीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणजे भर उन्हाळ्यात माशाच्या हाती उरणारी शिल्लक फार मोठी नसते.

सांडपाण्याने ही शिल्लक कशी संपते, हे खेळातून शिकविता येते. वर्तुळात तीस खडे ठेवावेत. हे प्राणवायूचे खडे. पाच मुले मासे होतात, पाच जलकीटक आणि दोन मुले जीवाणू. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने एक खडा घ्यावयाचा. फेरीअखेर शिक्षक वारा व वाहते पाणी यांच्या वतीने बारा खडे परत टाकतात. सारे सुरळीत चालते. मग शिक्षक ‘सांडपाणी आले’ असे पुकारतात. अन्न वाढल्याने जीवाणू वाढतात, म्हणून आणखी दहा मुले जीवाणू होऊन वर्तुळात येतात. खडे मात्र पूर्वीइतकेच परत येतात. जीवाणू आधी घेतात आणि उरलेल्यावर मासे भागवितात. दोन-तीन फेऱ्यांत मासे झालेली मुले रिकाम्या हातांनी उभी राहतात. नदीत मासे मेले की त्यांना नेहमी विषच बाधलेले असते असे नाही. पुष्कळदा त्यांना श्वास मिळालेला नसतो. जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ही संज्ञा अहवालांतून वारंवार वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनाही हा खेळ एकदा पाहण्यासारखा आहे.

पाठ चौथा : काठावरची साक्ष

पाणी पाहून जे समजत नाही, ते त्यातील जीव सांगतात. बादलीत आलेला एखादा दगड व मूठभर गाळ पांढऱ्या ताटात पसरावा. स्वच्छ, वाहत्या पाण्यातील दगडांखाली मेफ्लाय या कीटकाची पिल्ले चिकटून राहतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. चतुराची पिल्लेही पाण्यातच वाढतात. याउलट गढूळ, दुर्गंधीयुक्त गाळात डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या तांबड्या अळ्या वळवळताना दिसतात. त्यांच्या अंगातील लाल द्रव्य प्राणवायू धरून ठेवते, म्हणून त्या तेथेही तग धरतात. मरळ आणि मागूर हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे खराब पाण्यातही टिकतात. तेव्हा ‘मासे आहेत, म्हणजे पाणी चांगले’ असा घाईचा निष्कर्ष काढू नये. कोणते मासे आहेत, हा खरा प्रश्न होय.

पक्ष्यांनाही हेच लागू पडते. खंड्या, वंचक, पाणकावळा, टिटवी, धोबी आणि हळदी-कुंकू बदक हे या नद्यांवर दिसणारे पक्षी होत. तांबड्या लांब पायांचा शेकाट्या सांडपाण्याच्या उथळ गाळातील अळ्याही आवडीने टिपतो. शेकाट्यांचे मोठे थवे ही म्हणूनच नेहमी शुभवार्ता नसते. पात्रावर हिरवा गालिचा पसरविणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद तिला खतासारखे मिळतात, आणि तिच्या दाट थराखाली प्रकाश व हवा दोन्ही कमी पोचतात.

या नद्यांची जुनी ओळखही विद्यार्थ्यांना करून द्यावी. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी अहवालाचे काम पाहिलेले कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत १८३९ साली त्यांनी पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील महसीर माशाचे वर्णन केले. ‘टॉर खुद्री’ या त्याच्या शास्त्रीय नावाचा मूळ संदर्भ आजही हीच नदी आहे. एका सरकारी अधिकाऱ्याने नदीकाठी केलेली नोंद पावणेदोनशेहून अधिक वर्षे जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडते, याहून नोंदीचे महत्त्व सांगणारे उदाहरण शोधावयास नको.

पाठ पाचवा : नदीचा शेवट, खाडीची सुरुवात

नदी समुद्राला मिळते तेथे गोडे व खारे पाणी एकत्र येते. तेथे खाडी होते. मावळातील मुलांना खाडी दूरची वाटेल. परंतु आधीच्या कोड्यातील पश्चिमेच्या थेंबाचा प्रवास तेथेच संपतो. उल्हास नदी वसईच्या खाडीला आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते.

एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्याच्या जवळपास हे प्रमाण जाते. हे पाणी अर्ध्या पेल्यात घ्यावे आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून कुंकवाने रंगविलेले गोडे पाणी अगदी सावकाश सोडावे. हलके गोडे पाणी वर तरंगते व जड खारे पाणी खाली राहते. पेला हलविला की दोन्ही मिसळतात. खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा हेच काम करते. या सतत बदलणाऱ्या खारटपणात आणि प्राणवायू कमी असलेल्या चिखलात तिवर व कांदळ ही झाडे उभी असतात. तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर येतात, तर निवटी हा मासा ओहोटीच्या वेळी चिखलावर सरपटतो. पांढरी चिप्पी या खाडीकाठच्या वृक्षाला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले. २०२२ साली ते रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. शालेय सहलीसाठी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हे उत्तम ठिकाण आहे.

रोहित पक्षी पूर्वेच्या थेंबाच्या वाटेवरही भेटतात. पवना आणि इंद्रायणीचे पाणी भीमेतून उजनी जलाशयात जाते, आणि भिगवणजवळच्या त्याच्या उथळ पाणफुगवट्यावर हिवाळ्यात हे पक्षी उतरतात. चिंचवडच्या मोरीतून वाहून गेलेले पाणी पक्ष्यांच्या त्या चराऊ कुरणापर्यंत पोचते, हे कळल्यावर मुलाच्या मनातील ‘नाला’ हा शब्द आपोआप मागे पडेल.

नोंदवही : पाठाचे खरे फळ

पाच पाठ झाले म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक शाळेने नदीची एक नोंदवही ठेवावी आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व एकाच ठिकाणी नोंद घ्यावी. तारीख, वेळ, पाऊस, पाण्याचे तापमान, रंग, वास, फेस, जलपर्णी आणि दिसलेले जीव असे रकाने असावेत. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी उंच पारदर्शक बाटलीच्या तळाला बाहेरून काळी फुली चिकटवावी. हळूहळू पाणी ओतत जावे आणि वरून फुली दिसेनाशी होताच पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहावी. इटालियन शास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ साली समुद्राच्या पाण्यात तबकडी सोडून याच तत्त्वावर पारदर्शकता मोजली होती.

नोंदवही कपाटात पडून राहू नये यासाठी ग्रामपंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. निघोजे, कुरुळी, महाळुंगे अशा चाकण परिसरातील गावांच्या शाळांनी टिपलेले मासे, पक्षी व वनस्पती तज्ज्ञांकडून तपासून त्या नोंदवहीत घेता येतील. जलजीवन मिशनमधून गावांना पाणी तपासणीचे संच देण्यात आले व प्रत्येक गावातील पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची योजना आखण्यात आली. ज्या गावात असा संच आहे तेथे प्रशिक्षित महिलेने किंवा ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने शाळेत येऊन सामू, कठीणपणा व क्लोरीन यांची तपासणी विद्यार्थ्यांसमोर करून दाखवावी. आपल्या गावाच्या पाणीस्रोतांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले की पिवळे, आणि ते का, हे चौथीच्या मुलांना समजू लागले, तर ग्रामसभेत त्याची चर्चा घडण्यास वेळ लागणार नाही.

शालेय नोंदींच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. कोणावर कारवाई करण्यास या नोंदी पुरावा होत नाहीत, आणि मुलांना तक्रारदाराच्या भूमिकेत उभे करणे हा त्यांचा हेतूही नाही. एकाएकी मासे मेलेले दिसले किंवा पाण्याचा रंग बदलला, तर मुख्याध्यापकांनी ते महानगरपालिका, ग्रामपंचायत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निदर्शनास आणावे. पुढील तपासणी त्या यंत्रणेचे कर्तव्य आहे. परंतु दहा वर्षे सलग, महिन्याच्या महिन्याला लिहिलेल्या एकशेवीस नोंदी जेव्हा एखाद्या शाळेत जमा होतील, तेव्हा नदी सुधारली की बिघडली, या प्रश्नाला त्या गावाजवळ स्वतःचे उत्तर असेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्रातील ५३ पट्टे होते. त्यांत पवना व इंद्रायणी या दोन्ही नद्यांचा समावेश होता. या नद्या यादीतून बाहेर काढण्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, निधी आणि कठोर अंमलबजावणी लागेल, आणि ती जबाबदारी प्रौढांची आहे. शाळेचे काम त्याहून लहान, पण पायाचे आहे. येत्या सत्राच्या पहिल्या महिन्यात एका शिक्षकाने, एका वर्गाने आणि एका सदस्याने मिळून नोंदवहीचे पहिले पान लिहावे. पुढची पाने मुले भरतील.